समासातले हाल

तात्या, पांढऱ्या पुठ्ठ्याचं पुस्तक परत आलं. तुम्ही नाही आलात, तुमच्या घरच्या, आक्का, घेऊन आल्या. दुपारचे साडेतीन, बरोब्बर तुमची वेळ. दारात चपला काढल्याचा आवाज झाला आणि मी रजिस्टरमधून मान वर न करताच म्हटलं, "या तात्या, पंखा लावते." म्हटलं आणि जीभ चावली. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. आक्का पदराआड पुस्तक धरून दारातच उभ्या राहिल्या. पंखा मात्र मी लावला.

आधी तुमच्यावरचा राग काढून घेते. रडायचं ते नंतर रडेन. माझ्या पोरीच्या डोक्यात तो सगळा बर्फ तुम्ही भरलात, आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा खुशाल निघून गेलात. मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं ना, की तिला सांगाल का, जाऊ नको म्हणून? आमचं कोण ऐकतंय, तुमचं ऐकेल. तुम्ही टोपी उचललीत, पांढरं पुस्तक काखेत मारलंत आणि "बघतो, बाई" म्हणून चालू पडलात. काय बघितलंत ते सांगायला काही आला नाहीत.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला पेपरच्या टेबलाकडे हात दाखवला होता, आठवतंय? पस्तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहून रिटायर झालेला माथाडी, कोपरखैरण्यातल्या आमच्या एवढ्याशा वाचनालयात आणखी कशाला येणार, असं मी धरूनच चालले. तुम्ही टेबलाकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. "लांब जानाऱ्या मानसांची पुस्तकं हायेत का?" मी युरोपच्या टूरचं एक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर परत. "ह्यो मानूस हाटेलात ऱ्हायलाय, बाई. मी म्हनतो ती मानसं येगळी. ज्यास्नी रस्ताच न्हाय, अशी."

मग मी तुम्हाला मागच्या भिंतीचं कपाट दाखवलं. खालचे दोन कप्पे, मोहिमांची पुस्तकं. ध्रुवावर गेलेले, वाळवंटात शिरलेले, नदीचा उगम शोधायला जंगलात घुसलेले, बोटीसकट बर्फात अडकलेले. तेरा वर्षांत ते दोन कप्पे तुम्ही किती वेळा संपवलेत ते मीही मोजलं नाही. नावं कधी घेतली नाहीत, लाल पुठ्ठा, निळा पुठ्ठा, फाटका पुठ्ठा एवढंच. आणि वाचन तरी कसलं! लोक त्यात साहस वाचतात, तुम्ही ओझी वाचायचात. "बगा बगा, हा म्होरक्या शाना न्हाय. चार मानसाचं जेवान घेतलंय आन् आठ मानसाची पुस्तकं." किंवा मग, "असली बांधनी आमच्या टोळीत कुनी केली असती तर मुकादमानं घरी पाठवलं असतं." शेजारच्या टेबलावर पेपर वाचणारे तोंडावर पेपर धरून हसायचे. मीही हसायचे. तेव्हा मला हसायला काय जात होतं!

मृणाल तेव्हा दहा वर्षांची. तिचे बाबा नुकतेच गेले होते, घरी एकटीला ठेवायला माझा जीव होत नव्हता, म्हणून शाळा सुटली की ती थेट वाचनालयात. तुमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून पाढे लिहायची. एके दिवशी तुम्ही तिला वाचून दाखवत होतात. ध्रुवावरून परतीच्या वाटेवर अन्न संपलं, पाय सुजले, मरायला टेकले तरी त्या माणसांनी गाडीवरचे गोळा केलेले दगड टाकले नाहीत, शेवटपर्यंत ओढत राहिले. मला टेबलावरून ऐकू येत होतं, मी पेन खाली ठेवलं. आणि ही बया विचारते काय, "तात्या, कुठले दगड होते?" सगळं जग त्यांच्या मरणापाशी थांबलं असेल, ही दगडांपाशी थांबली. तुम्ही चष्मा काढून तिच्याकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "बाई, ही पोरगी लांब जानार." मी कौतुक समजले हो. पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

लांबच निघाली. भूगर्भशास्त्रात एमएस्सी झाली, आणि कुठल्याशा हिमनदीचं मोजमाप करायला जाणाऱ्या नऊ जणांत हिचा नंबर लागला. दीड महिना बर्फात. घरच्यांना एकदा बोलावून माहिती दिली. मोहिमेचा प्रमुख मोठा शांत, हसतमुख माणूस. म्हणाला, "तिथे रेंज नाही. आमच्याकडे एक फोन असेल, तो फक्त अडचणीच्या वेळेसाठी. तेव्हा फोन आला नाही, तर सगळं ठीक चाललंय असं समजायचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझी मान हलली नाही.

माझं माहेर दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं, हे तुम्हाला माहीत होतं. पण हे सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना आमची होडी एकदा वेळेवर आली नाही. संध्याकाळी यायची ती आली नाही, दुसरा दिवस गेला, तिसऱ्या दिवशी दुपारी आली. इंजिन बंद पडून वाऱ्याने पलीकडच्या किनाऱ्याला लागले होते, बस, एवढंच. बाबा धडधाकट. घरात शिरले आणि पहिल्यांदा जेवायला मागितलं. पण ते दोन दिवस आईने चूल पेटवली नव्हती आणि ती एक शब्दही बोलली नव्हती. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, हे मला कुणी शिकवू नये. आई तर धक्क्यावर निरोप द्यायलाही जायची नाही. बाबा निघाले की दाराकडे पाठ करून मासळी निवडत बसायची. "होरी गेली का मागं बगाचा नाय," म्हणायची. कुठे रीत होती अशी, की तिची तीच पाडलेली, कोण जाणे. मी पण तेच करायचं ठरवलं होतं. पाठ करून बसायचं.

माहिती ऐकून आले आणि एक वेडेपणा सुरू केला. इतकी वर्षं त्या दोन कप्प्यांतलं एकही पुस्तक मी वाचलं नव्हतं. आता वाचायला लागले, आणि तेही फक्त शेवटची प्रकरणं. नाकाचा शेंडा आधी पांढरा पडतो, मग काळा. थंडीने माणूस गोठायला लागला की त्याला उकडायला लागतं आणि तो अंगातले कपडे काढून टाकतो. बर्फातल्या भेगेवर वरून भुसभुशीत बर्फाचं झाकण असतं, पाय पडेपर्यंत खाली काय आहे ते दिसत नाही. हे सगळं मी वाशीहून भाजी आणताना, कुकर लावताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेली असताना आठवत राहायचे. मृणाल समोर बसून पोहे खात असली की मी तिची बोटं बघायचे. दहाही. एकदा तिने विचारलं, "आई, काय बघतेस?" मी म्हटलं, नखं वाढलीत.

आणि त्यात तुमची ती पेन्सिल! वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नाही, अशी पाटी तुमच्याच बाकावर लावलेली, तरी तुम्ही समासात लिहायचातच. किती ओरडले असेन. तुम्ही कानाला हात लावायचात आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा तेच. दर शनिवारी मी खोडरबर घेऊन बसायचे आणि तुमचं लिखाण पुसायचे. एकच शब्द असायचा. 'हाल'. समासात 'हाल', आणि त्याच्याशेजारी परिच्छेदाच्या कडेने खाली ओढलेली एक लांब उभी रेघ. मला वाटायचं, या लोकांचे जिथे हाल झाले तिथे म्हातारा खुणा करतोय. पुसायचे आणि ठेवून द्यायचे, पान कशाचं आहे ते सुद्धा कधी वाचलं नाही.

या वेळी वाचलं. फाटक्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात एक पान आलं, त्यावरची तुमची खूण पुसायची राहून गेली होती. मुलगा मोहिमेला निघालाय आणि आई त्याच्या कोटाची बटणं दोनदा दोनदा शिवतेय, म्हणजे थंडीत तुटायला नकोत. एवढीच एक ओळ. आणि तुमचं त्याच्यापुढे 'हाल'. अजून काही झालेलंही नाही, पोरगा घरातच आहे, आणि तुम्ही आधीच लिहून ठेवलंत? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सगळी पुस्तकं वाचलीत, हे सगळं शेवटी कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी माझ्या पोरीला गोडगोड वाचून दाखवत बसलात.

त्याच दुपारी तुम्ही आलात आणि मी तुमच्यावर तुटून पडले. घरच्यांच्या संमतीचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आठ दिवस पडून होता. त्यात एक ओळ होती, 'काही बरेवाईट झाल्यास आमची तक्रार राहणार नाही.' खाली सही माझी एकटीची, बाप नाही म्हणून. मी फॉर्म तुमच्यासमोर नाचवला. "सांगा तिला. तुम्हीच लावलंत हे वेड, तुम्हीच उतरवा." मग मी ते बोलले.

"तुमचं काय जातंय, तात्या? तुमची पोरगी थोडीच आहे ती!"

तुम्हाला आणि आक्कांना मूलबाळ नाही, हे मला तेरा वर्षं माहीत होतं. माहीत असून बोलले. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, दिसलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही "बघतो, बाई" म्हणालात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी आला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हटलं, बसा रुसून. पाचव्या दिवशी तुमच्या चाळीतल्या एकाने येऊन सांगितलं की दुपारी चहा मागितला आणि आक्का चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. माफी मागायची राहून गेली, तात्या. आज मागते. याचा तुम्हाला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

आता आक्कांचं ऐका. तुमच्याविषयी काय काय सांगितलं त्यांनी.

पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, ह्यात त्येंनी लिव्हलंय. मला म्हनाले व्हते, बाई रागावत्याल, पर ह्ये पुसू नगा म्हनून सांग." मी पान उघडलं. जहाज निघतंय त्याचं पान. पुस्तकात नुसतं लिहिलंय, 'मंडळींनी निरोप दिला.' 'मंडळींनी' खाली तुमची जाड रेघ. समासात, 'कोण? नावं न्हाईत.' आणि त्याखाली तेच, लांब रेघ ओढलेलं 'हाल'.

मी म्हटलं, "आक्का, हे सगळीकडे हाल हाल का लिहायचे हो?"

"हाल?" आक्कांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांना वाचता येत नाही, तुम्ही दाखवलेली तेवढीच अक्षरं ओळखतात, पण बोट बरोब्बर त्यांच्यावर ठेवलं. "आवो, ह्ये हाल कुठलं? ह्यो काना न्हाय का लांब? ह्ये 'हाला' हाय. हा आन् ला. हात लावला!"

ती रेघ म्हणजे काना होता, तात्या. तेरा वर्षं मी तुमचा काना खुणेची रेघ समजून पुसत होते. वाचनालय चालवते म्हणे मी!

मग आक्कांनी मला तुमचं काम समजावलं. गोणी कितीही जड असो, माथाडी ती एकटा नेतो. पण जमिनीवरून स्वतःच्या डोक्यावर ती एकट्याला घेता येत नाही. दुसऱ्याने हात लावून वर द्यावी लागते. ज्याने दिवसभर गोण्या वाहिल्या त्याच्या नावापुढे तुमचा मुकादम हजेरीवहीत नुसती फुली करायचा, आणि जो एका जागी उभा राहून बाकीच्यांना गोण्या चढवून देत होता त्याच्यापुढे लिहायचा, हाला. मानेला इजा झाल्यानंतर शेवटची आठ वर्षं तुमच्या नावापुढे रोज तेच होतं. "पैल्यांदा लई वाईट वाटायचं त्येंना," आक्का म्हणाल्या. "म्हनायचे, मी कुटं जातच न्हाय, नुस्ता हात लावतो. मंग तुमच्या हितं यायला लागले आन् पुस्तकात हुडकायला लागले. म्हनायचे, ह्ये येवढे लांब गेले, ह्येंच्या डोक्यावर दिलं कुनी?"

तुमची मान गोणी पडून गेली, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतं. कशी पडली ते आक्कांनी सांगितलं. हात लावणारा गडी बिनधास्त होता, गप्पा मारत, हसत काम करायचा. तुमच्या डोक्यावर गोणी बसायच्या आतच त्याने हात काढले. "न्हेनारा 'सोड' म्हनल्याबिगर हात काढायचा न्हाय, अशी रीत हाय ताई. त्यानं काढला." आणि मग पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडनं आले त्या दिशी मी म्हनलं त्येंना, सांगा की पोरीला, आई येवढी घाबरल्या तर नको जाऊ. तर म्हनले, न्हाय. बाई घाबरल्यात त्ये बरं हाय. घाबरलेला गडीच हात नीट लावतो. ज्याला भ्या न्हाय, त्यो आपटतो."

मी आक्कांना चहा दिला, त्यांच्यासोबत चौकापर्यंत चालत गेले, परत आले आणि दोन्ही कप्प्यांतली पुस्तकं बाहेर काढली. पुसलेली पेन्सिल दिसत नाही, पण तुमचा हात जड होता. खिडकीच्या उजेडात पान तिरपं धरलं की खाचा दिसतात. एकेक पुस्तक तिरपं करून बघितलं. कुणी मरतंय त्या पानावर तुमची एकही खूण नाही. सगळ्या निघायच्या पानांवर. गावकऱ्यांनी बांधून दिलेली भाकरी, हाला. बायकोने भरलेली पेटी, हाला. कुणा म्हाताऱ्याने काढून दिलेला वाटेचा नकाशा, हाला. तुम्ही नुसती निघायची पानं वाचत होतात आणि मी नुसती मरायची. एकाच कपाटातून.

पांढऱ्या पुस्तकातल्या त्या पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात अजून एक ओळ आहे. आक्कांना ती माहीत नसावी. 'बाईना दाखवने.' म्हणजे 'बघतो' म्हणालात ते हेच ना? हे मी पुसलेलं नाही. पाटी तशीच राहू दे, हे पण राहू दे.

फॉर्मवर सही केली. बँकेने परत पाठवली असती अशी सही झाली. मृणालने ती बघितली आणि फॉर्म बॅगेत ठेवला. मग आम्ही दोघींनी मिळून तिचं सामान तीनदा काढून तीनदा भरलं. तुमची बांधणी जेवढी ऐकून ठेवली होती तेवढी वापरली, जड मधोमध, पाठीला चिकटून. तिच्या जाड कोटाची बटणं मी पुन्हा शिवली. ती म्हणाली, "आई, त्याला चेन आहे गं." मी म्हटलं, असू दे, बटणं पण आहेत ना.

ती काल सकाळी गेली, तात्या. मला धीर आलाय असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. काल दुपारपासून तीन वेळा फोन हातात घेऊन बघितला, आणि आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मनाशी म्हणून पुन्हा बघितला. आजही कुकरच्या चार शिट्ट्या मोजायला विसरले. दीड महिना असंच जाणार आहे. तुमचा बाक रिकामा आहे, माझ्याशी बोलायला कुणी नाही.

पण काल पाठ करून नाही बसले. गेटवर गाडी आली. मृणाल पायरीवर बसली, त्या अवाढव्य सॅकचे पट्टे तिने खांद्यात अडकवले आणि उठायला गेली तर उठता येईना. दोनदा झटका दिला. मग हसून मान मागे वळवली आणि म्हणाली, "आई, जरा हात लाव ना."

तिला तुमची ती दोन अक्षरं माहीत नाहीत. मी सांगितलीच नव्हती. मी मागून दोन्ही हात सॅकखाली घातले आणि उचललं. माझ्या हातांना कापरं भरलं होतं. म्हणूनच की काय, एवढं जपून मी जन्मात काही उचललं नसेल. ती उभी राहिली, पट्टे घट्ट केले, एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे टाकून वजन अंगावर घेतलं. मी हात काढले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हात काढले नाहीत.

"सोड, आई," ती म्हणाली.

मग सोडलं, तात्या.